केट बुशचा ‘हाऊंड्स ऑफ लव्ह’ (२०१८ ची रीमास्टर एलपी): सिनेमातली भीती गाण्यात कशी येते

गाण्यात भूत, रक्त, सैतान, काळोख असले शब्द पेरले की गाणं डार्क होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हा अल्बम एकदा नीट, शब्द समोर ठेवून ऐकावाच. मूळ अल्बम सप्टेंबर १९८५ चा, ब्रिटनमध्ये आल्या आल्या मॅडोनाच्या ‘लाइक अ व्हर्जिन’ला खाली ढकलून एक नंबरवर गेलेला, आणि मी लिहितेय ती २०१८ ची रीमास्टर केलेली एलपी, जी ब्रिटिश गायिका-गीतकार केट बुशने साउंड इंजिनिअर जेम्स गथ्रीबरोबर बसून स्वतः केली. आता बहुतेकांना हा अल्बम ‘रनिंग अप दॅट हिल’मुळे माहीत असतो, २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या वेबसिरीजमध्ये ते वाजलं आणि ३७ वर्षांनी ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेलं वगैरे, ते गाणं भारी आहेच, पण तेवढ्यासाठी अल्बम घेऊन तिथेच थांबलात तर खरा ऐवज बाकी राहतो. तो ऐवज म्हणजे हिच्या गाण्यांत पुस्तकं आणि सिनेमे कसे मुरलेत ते. नुसता उल्लेख करून मोकळं होणारे गीतकार पुष्कळ आहेत, ही बाई दुसऱ्याची भीती उचलते आणि भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवते, आणि तिथे ती भीती मूळ जागेपेक्षा जास्त लागते.

सुरुवात टायटल साँगपासून करूया, ‘हाऊंड्स ऑफ लव्ह’. म्युझिक सुरू व्हायच्या आधी एका पुरुषाचा घाबरलेला आवाज येतो, ते झाडांत आहे, ते येतंय, अशा अर्थाचा. हा आवाज ‘नाइट ऑफ द डेमन’ या १९५७ च्या सिनेमातला आहे, दिग्दर्शक जाक टूर्नर, आणि सिनेमा एम. आर. जेम्सच्या ‘कास्टिंग द रून्स’ या १९११ च्या कथेवरून केलेला. कथेत शाप एका कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून माणसाच्या नकळत त्याच्याकडे सरकवलेला असतो, मुदत संपायच्या आत तो परत करता आला नाही तर संपलंच. सिनेमाबद्दलचा जुना वाद असा की त्यात राक्षस सरळ पडद्यावर दाखवलाय, आणि टूर्नरला तो तसा दाखवायचा नव्हता असं म्हणतात, कारण त्याची सगळी ख्याती न दाखवता घाबरवण्याची. आता केटने काय उचललं बघा. राक्षसाच्या सीनमधलं काहीच नाही घेतलं, सीआन्सच्या, म्हणजे मेलेल्यांचे आत्मे बोलावायच्या बैठकीच्या, सीनमधलं वाक्य घेतलं, जिथे मेलेल्या प्रोफेसरचा आवाज एका साध्यासुध्या माध्यमाच्या तोंडून बाहेर येतो आणि मरणाच्या आधीचे क्षण परत जगतो. म्हणजे दिसत काहीच नाही, फक्त आवाज आणि झाडं. सिनेमात जे अदृश्य होतं नेमकं तेवढंच तिने कापून आणलंय, आणि मला विचाराल तर टूर्नरला हवा होता तो सिनेमा या दोन-तीन सेकंदांत आहे.

आणि मग गाण्यात ते ‘येतंय’ म्हणजे काय? तर प्रेम. एवढंच. लहानपणापासून अंधारात घाबरणारी, पळणारी मुलगी, मागे कुत्री लागलेली, आणि ती कुत्री म्हणजे कुणीतरी आपल्यावर प्रेम करेल ही भीती. मध्ये एक कोल्हा येतो, कुत्र्यांनी धरलेला, ती त्याला हातात घेते, त्याचं काळीज धडधडतंय, आणि तिला आपण पळत राहिलो याची लाज वाटते. हे मला फार मोठं वाटतं, कारण हॉरर सिनेमातलं वाक्य लावून पुढे हॉरर गाणं करणं कुणालाही जमेल, तिने सैतानाच्या जागी प्रेम बसवलं आणि तरी धडकी तशीच ठेवली, ढोल आणि चेलो दोघं मिळून दम लागेपर्यंत पळवतात. गाण्याचा व्हिडिओ तिनेच दिग्दर्शित केलाय, तो हिचकॉकच्या १९३५ च्या ‘द थर्टी नाइन स्टेप्स’च्या अंदाजाने, तिथेही माणूस पळतोय आणि मागे लोक लागलेत. म्हणजे एकाच गाण्यात दोन सिनेमे, आणि दोन्ही पाठलागाचे.

हे तिचं आधीपासून चालू आहे हे माहीत असलं की हा अल्बम जास्त कळतो, म्हणून थोडं मागे जाते. पहिलं गाणं ‘वुदरिंग हाइट्स’, जानेवारी १९७८, ब्रिटनमध्ये चार आठवडे एक नंबर, स्वतः लिहिलेलं गाणं घेऊन तिथे पोचलेली ती पहिली बाई. बीबीसीवरच्या जुन्या मालिकेचा शेवटचा तुकडा तिने पाहिला होता, त्यातून गाणं सुचलं आणि कादंबरी नंतर वाचली. एमिली ब्राँटेच्या १८४७ च्या त्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात लॉकवुड नावाचा पाहुणा झोपेत खिडकीतून हात बाहेर काढतो तर एक गार पडलेला लहान हात त्याचा हात धरतो, मला आत घे म्हणून रडतो, आणि हा घाबरून त्या पोरीचं मनगट फुटक्या काचेवर घासतो, रक्ताने बिछाना भिजेपर्यंत. वाचताना आपण लॉकवुडच्या बाजूला असतो, म्हणजे खोलीच्या आत. केट खिडकीच्या बाहेर जाऊन उभी राहिली. थंडी तिला वाजतेय, आत तिला यायचंय, भूत तीच आहे. तो चिरका उंच आवाज लोकांना तेव्हा विचित्र वाटला, पण बाहेर गारठ्यात उभ्या पोरीचा आवाज दुसरा कसा असणार.

१९८० च्या ‘नेव्हर फॉर एव्हर’मधलं ‘द इन्फंट किस’ बघा, ते जॅक क्लेटनच्या १९६१ च्या ‘द इनोसंट्स’वरून आलंय, म्हणजे मुळात हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’वरून, आणि तिथे ती मुलांना सांभाळणारी गव्हर्नेस होऊन गाते, जिला लहान मुलाच्या आत कुणीतरी मोठा पुरुष आहे असं वाटायला लागलंय आणि स्वतःच्याच मनाची भीती वाटतेय. अवघड विषय आहे, पुष्कळ जण तिथे घसरले असते, तिने तो नाजूकपणे आणि तरी अजिबात गोड न करता पेललाय. मग १९८२ च्या ‘द ड्रीमिंग’मधलं ‘गेट आउट ऑफ माय हाऊस’, स्टीफन किंगची ‘द शायनिंग’ वाचून सुचलेलं, पण इथे झपाटलेल्या घरात अडकलेलं माणूस नाही गात, घर म्हणजे ती बाईच, दारं-खिडक्या लावून बसलेली, आणि शेवटी गाढवासारखी ओरडायला लागते. पहिल्यांदा ऐकताना अंगावर येतं. तर खिडकीबाहेरची, मग मुलांच्या खोलीतली, मग स्वतःच घर झालेली, असा प्रवास करत ती १९८५ ला पोचली होती.

आता एलपी उलटवा. दुसरी बाजू, ‘द नाइन्थ वेव्ह’, सात गाणी, एकच गोष्ट: रात्री समुद्रात एकटी पडलेली बाई, अंगात लाइफ जॅकेट, त्यावर छोटा दिवा, झोप येतेय आणि झोपली तर संपली. नाव इंग्रज कवी टेनिसनच्या ‘आयडिल्स ऑफ द किंग’मधून आलंय आणि त्या ओळी कव्हरवर छापल्यात, एकामागून एक मोठ्या होत जाणाऱ्या लाटा आणि नववी सगळ्यात मोठी, आवाजांनी भरलेली, पेटलेली. बहुतेक जण इथे थांबतात, की नववी लाट म्हणजे बुडवणारी लाट. पण कवितेत पुढे काय होतं तर ती लाट एक तान्हं बाळ जादूगार मर्लिनच्या पायाशी आणून टाकते, तोच पुढे राजा आर्थर. म्हणजे ती लाट मुळात जन्माची आहे! आणि अल्बमचं शेवटचं गाणं ‘द मॉर्निंग फॉग’ उघडपणे परत जन्मण्याबद्दल बोलतं, त्यामुळे ती वाचते की मरते यावर लोक भांडतात तेव्हा मला ती टेनिसनची पुढची ओळ आठवते, जी कव्हरवर नाहीये.

पहिलं ‘अँड ड्रीम ऑफ शीप’ शांत आहे, पियानो, तिला रेडिओवरचे फालतू गप्पा मारणारे ओळखीचे आवाज ऐकावेसे वाटतायत, बास. पण या शांततेने पुढचं सगळं भयानक होतं. ‘अंडर आइस’मध्ये ती स्वप्नात गोठलेल्या नदीवर स्केटिंग करतेय, एकटीच, छान चाललंय, आणि बर्फाखाली काहीतरी हलतं, कुणीतरी आहे, आणि ती स्वतःच असते. दोन-सव्वादोन मिनिटांचं गाणं, शब्द मोजके, तंतुवाद्यांचे तुटक फटकारे, आणि कॅमेरा वरून खाली जातो ते अक्षरशः दिसतं. मी याला अल्बममधलं सगळ्यात सिनेमॅटिक गाणं म्हणेन आणि गंमत म्हणजे याच्या मागे कुठला ठराविक सिनेमा शोधायची गरजच पडत नाही, तोपर्यंत तिला सिनेमाची भाषा पूर्ण येते.

मग ‘वेकिंग द विच’. सुरुवातीला वेगवेगळे आवाज तिला उठवतायत, आईच्या मायेने, कुणी चेष्टेत, कुणी हळू, आणि मग एकदम सगळं फुटतं आणि खटला सुरू होतो, घोगरा राक्षसी आवाजाचा न्यायाधीश, आणि तिचा आवाज तुकडे तुकडे करून टाकलेला, पाणी नाकातोंडात जाणाऱ्या माणसासारखा. युरोपात चेटकीण ओळखायची एक पद्धत होती, बांधून पाण्यात टाकायचं, बुडाली तर निर्दोष आणि तरंगली तर दोषी. आता ही बाई कुठे आहे? पाण्यात, आणि लाइफ जॅकेटमुळे तरंगतेय. जगण्यासाठी जे करायचं नेमकं त्यानेच गुन्हा सिद्ध होतो. हे ती गाण्यात कुठे समजावून सांगत बसत नाही, तुम्हाला इतिहास माहीत असेल तर मागाहून डोक्यात पेटतं. ऐकायला मात्र हे गाणं त्रासदायक आहे हे आधीच सांगते, मोबाइलच्या स्पीकरवर तर नुसती खरखर वाटेल, हेडफोन पाहिजेत.

आणि लगेच त्यानंतर ‘वॉचिंग यू विदाउट मी’, ज्याच्याबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात आणि माझ्या मते ते काळीज आहे या बाजूचं. बाई घरी आलीय, म्हणजे तिचं भूत किंवा जीव काय म्हणाल ते, तिचं माणूस वाट बघत बसलंय, घड्याळाकडे बघतंय, आणि ती त्याच खोलीत आहे पण तिला हाक मारता येत नाही. तिचे शब्द इतके दाबून आणि तोडून टाकलेत की आपल्यालाही धड कळत नाहीत. आता हे ‘वुदरिंग हाइट्स’शेजारी ठेवा. १९७८ मध्ये भूत बाहेर होतं आणि त्याला आवाज होता, इतका की सगळ्या देशाने ऐकला. सात वर्षांनी भूत आत आलंय, खिडकीची गरज उरली नाही, आणि आवाज गेलाय. ब्राँटेकडून घेतलेली ती भीती तिने इतकी वर्षं सांभाळली आणि शेवटी तिचा गाभाच फिरवला. हे मी कुठल्याही दुसऱ्या गीतकाराबाबतीत इतकं स्पष्ट पाहिलेलं नाही.

‘जिग ऑफ लाइफ’ आयरिश वाद्यांचं, म्हातारपणची ती स्वतःच येऊन सांगते की तू आत्ता मेलीस तर माझं काय. आयडिया जबरदस्त आहे, पण शेवटी तिच्या भावाने म्हटलेली कविता आहे ती मला जरा भाषणासारखी वाटते.

‘हॅलो अर्थ’वर मात्र थांबावंच लागेल. इथे ती पृथ्वीकडे वरून बघतेय, एका हाताने झाकता येईल एवढी लहान, आणि वरून तिला वादळ तयार होताना दिसतंय, खाली खलाशी, कोळी, सगळ्यांना ती पाण्यातून बाहेर पडा म्हणून ओरडतेय आणि ऐकू कुणालाच जात नाही. गाणं चढत जातं आणि अचानक सगळं थांबतं, फक्त पुरुषांचा कोरस उरतो, परक्या भाषेत, फार जुना वाटणारा. हे ‘त्सिन्त्सकारो’ नावाचं जॉर्जिया देशाचं लोकगीत आहे आणि तिला ते भेटलं कुठे तर वर्नर हर्झॉगच्या १९७९ च्या ‘नोस्फेरातू’मध्ये, जो मुर्नाऊच्या १९२२ च्या मूकपटावरून, आणि तो ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’वरून. तिच्या गाण्यात या जागा रिकाम्या राहिल्या होत्या, तिथे काय टाकावं सुचत नव्हतं, आणि मग हा सिनेमातला आवाज आठवला. रेकॉर्डवर तो रिचर्ड हिकॉक्स सिंगर्सनी गायलाय. आणि मूळ लोकगीत मुळात कशाचं आहे, तर झऱ्यावर खांद्यावर घडा घेऊन आलेली सुंदर मुलगी भेटली याचं. म्हणजे पाणवठ्यावरच्या मुलीचं गाणं, ते व्हॅम्पायरच्या सिनेमात गेलं, आणि तिथून बुडणाऱ्या बाईच्या गाण्यात आलं. व्हॅम्पायर इथे औषधालाही नाही, हर्झॉगच्या सिनेमात जी एक जड, मरणाच्या आधीची शांतता आहे तेवढीच तिने उचललीय. शेवटी कुजबुजत जर्मन शब्द येतात, अजून खोल, तिथे खोलात कुठेतरी उजेड आहे, अशा अर्थाचे. रात्री दिवा मालवून ऐकलं तर सुन्न व्हायला होतं.

पहिल्या बाजूवर ‘क्लाउडबस्टिंग’ आहे, पीटर राइकच्या १९७३ च्या ‘अ बुक ऑफ ड्रीम्स’वरून, त्याचे वडील म्हणजे मनोविश्लेषक विल्हेल्म राइक, ज्यांची पुस्तकं अमेरिकेत सरकारी आदेशाने जाळली गेली आणि जे १९५७ मध्ये तुरुंगात वारले. गाणं मुलाच्या तोंडून, त्यामुळे सरकार वगैरे मोठ्या गोष्टी नाहीत, अंधारात चमकणारा यो-यो बागेत पुरून टाकल्याची आठवण आहे. व्हिडिओत डोनाल्ड सदरलँड वडील आणि केट स्वतः मुलगा, आणि एका शॉटमध्ये ती वडिलांच्या खिशातून चक्क तेच पुस्तक बाहेर काढते. प्रभाव लपवायचा नाही, पण त्याच्यावर टेकूनही राहायचं नाही, हा तिचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. ‘मदर स्टँड्स फॉर कम्फर्ट’ही चांगलं, खुनी मुलगा आणि त्याला पाठीशी घालणारी आई, फेअरलाइट या कॉम्प्युटर सिंथेसायझरवर काच फुटल्याचे आवाज, पण त्यात माया इतकी आहे की भीती नेमकी कोणाची वाटायला हवी तेच कळेनासं होतं. ‘द बिग स्काय’ मला इथे उपरं वाटतं, आनंदी गाणं आहे, वाईट नाही, पण ‘हाऊंड्स’च्या ताणानंतर लगेच येतं आणि तो ताण सैल करतं.

आता वस्तू म्हणून. रीमास्टर चांगलं आहे, आवाज उगाच मोठा करून चेपून टाकलेला नाही, ‘अंडर आइस’मधली शांतता शांतच राहिलीय आणि ‘हॅलो अर्थ’मधला कोरस मागून, लांबून येतो तसाच येतो. एलपीच घ्या असं मी सांगेन आणि ते हौसेखातर नाही, दोन बाजूंच्या मध्ये उठून रेकॉर्ड उलटवावी लागते तो थांबा या अल्बमला पाहिजेच, स्ट्रीमिंगवर ‘क्लाउडबस्टिंग’ची वाफेच्या इंजिनासारखी धडधड संपते न संपते तोच समुद्र सुरू होतो आणि दुसरी गोष्ट सुरू झालीय हे कळतच नाही. स्ट्रीमिंगवरच ऐकणार असाल तर निदान शफल बंद ठेवा, ‘वेकिंग द विच’ एकटं मध्येच लागलं तर त्याचा काही अर्थ लागणार नाही. पुढच्या कव्हरवर ती दोन कुत्र्यांना कुशीत घेऊन, फोटो तिच्या भावाचा, जॉन कार्डर बुशचा, आणि ज्या कुत्र्यांपासून गाण्यात पळायचं ती इथे शांत झोपाळलेली, हेही विचार करून केलेलं दिसतं. एक तक्रार, शब्दांबरोबर गाण्यांच्या मुळांबद्दल एक-दोन पानं हवी होती. हर्झॉग आणि टूर्नर कव्हरवरून कळले असते तर किती नवीन मुलं त्या सिनेमांपर्यंत पोचली असती.

ज्यांना हे सगळं शोधत ऐकायचंय त्यांना क्रम सुचवते: आधी अल्बम, काहीही न वाचता, दोन्ही बाजू. मग ‘नाइट ऑफ द डेमन’ बघा, सीआन्सचा सीन येईपर्यंत थांबा, तो आवाज आला की केस उभे राहतील कारण तुम्ही त्याला आधीच ओळखत असाल. एम. आर. जेम्सची कथा छोटी आहे, एका बैठकीत होते. ‘नोस्फेरातू’ हर्झॉगचाच बघा आणि मोठ्या आवाजात बघा. ‘वुदरिंग हाइट्स’ आख्खी वाचायला जमली नाही तर तिसरं प्रकरण तरी वाचा, आणि ते वाचून झाल्यावर ‘वॉचिंग यू विदाउट मी’ परत लावा.